लोडरच्या सीटवर

नागमोडी तारेचं चित्र असलेला तो नारिंगी दिवा लागला, दोन-तीन सेकंद राहिला, विझला — म्हणजे हीटर तापला, आता चावी पुढं फिरवायची... सोमेशनं फिरवली. काही नाही. साधं 'कट्'सुद्धा नाही. पुन्हा फिरवली. अरे देवा, आजच? आजच का रे बाबा?

कारण आज गोठ्याच्या पत्र्याखाली, हातातली पिशवीही खाली न ठेवता, अप्पा उभे होते. अणदूरच्या या दीडशे म्हशींच्या गोठ्यावर सोमेश तीन वर्षं हा छोटा लोडर चालवत होता, आणि तीन वर्षांत त्याचे वडील एकदाही इकडं फिरकले नव्हते. हणमंतप्पा म्हणजे उभा जन्म औतामागं चाललेला माणूस, पोरगं काय करतं असं कुणी विचारलं की म्हणायचे, "शेण काढतंय." बस्स, तेवढंच. त्यांनी एकदा बघावं, पंधरा मिनिटांत म्हशींच्या रांगांमधली अख्खी गल्ली कशी लख्ख होते ते नुसतं बघावं — एवढ्यासाठी त्यानं किती गळ घातली होती! आज खंडोबाला आले म्हणून इकडं वळले, तर म्हणे अकराच्या गाडीनं परत जायचं. त्यांना बघताच त्यानं चालू मशीन बंद केली, उडी मारून खाली आला, पाया पडला, परत वर चढला... आणि ही बया गप्प.

बॅटरी असेल. उतरून झाकण उघडलं, टोकांवरची पांढरी बुरशी खरवडली, नट आवळले. वर चढून सीटच्या कडेला टेकला, सुरक्षेचा आडवा दांडा मांडीवर ओढला, चावी — नाही. फ्यूज काढून उजेडात धरले, सगळे शाबूत. मग काय सुचलं कुणास ठाऊक, डिझेलमधली हवा काढत बसला. सेल्फच लागत नाही तिथं डिझेलचा काय संबंध, हे तोच कालपर्यंत दुसऱ्यांना ऐकवत होता — पण पाठीवर अप्पांची नजर होती, आणि ती नजर असली की त्याला पाढे आठवायचे नाहीत, पाण्याचा तांब्या हिंदकळायचा, दाव्याची गाठ उलटी पडायची... सव्वीस वर्षांचा झाला तरी...

म्हशी शेणात उभ्या राहून त्याच्याकडं बघत होत्या. त्याही मेल्या आज जरा जास्तच बघत होत्या.

"तेल संपलं का?" अप्पांनी विचारलं.

"न्हाय अप्पा, तेल हाय. तुम्ही बसा की तिकडं, बाजेवर."

"बसतो. तू आधी बस."

"बसलोय की!"

"कुठं बसलायस? नुसता टेकलायस. मगापासनं चारदा चढलास, चारदा टेकलास. बैलानं जू खांद्यावर घेतलंच न्हाय, तर औत हलंल व्हय?"

सोमेशचा हात चावीवरच राहिला. सीटखाली एक बटण असतं. माणसाचं पुरतं वजन त्यावर पडत नाही तोवर मशीनला वाटतं, वर कुणी नाहीच, आणि ती सेल्फ मारूच देत नाही... हे काय त्याला ठाऊक नव्हतं? आणि तरी — तो हसला, मोठ्यानं हसला, आणि लाजेनं त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाप उभा असताना तो बसला होता कधी? घरात अप्पा आले की बाजेवरून उठायचं, फार तर उंबऱ्याशी टेकायचं, अर्धं अंग उठायच्या तयारीत ठेवून... कुणी शिकवलं नव्हतं हे. आज अंगानं परस्पर तेच केलं होतं.

"तुम्ही उभे, म्हणून..."

"मग?" अप्पा म्हणाले, आणि लहानपणी त्याला ताटावर बसवताना बोलायचे तसं एकदम कानडीत, "सरियागि कुंद्रु." नीट बस. "म्या हितंच हाय. अकराची गेली तर दुपारची हाय."

सोमेश मागं सरकला. पाठ पुरती टेकली, सीट त्याच्याखाली हलकेच दबली, खांदे सैल पडले. अप्पा खाली उभे आणि हा वर बसलेला... काहीतरी चुकतंय असं वाटलं, मग वाटेना. मी बसलोय, अप्पांसमोर बसलोय — आणि त्यांनीच सांगितलंय. इतकं बरं वाटलं, इतकं निवांत, की चावी फिरवायची घाईच उरली नाही. अप्पा बघत होते. बघू देत, त्याला वाटलं, नीट बघू देत... आणि तो बसून राहिला.