शेडच्या दारावरची पाटी

संशोधन केंद्रात सगळे तिला सुईबाई म्हणत. सोळा वर्षं ती मेंढ्यांच्या मानेतून रक्त काढत होती आणि त्यातली शेवटची चार मनात डूख धरून होती.

डूख होता तिच्या विभागप्रमुख साहेबांवर. भेदरलेली मेंढी माजावर उशिरा येते, कधी येतच नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते सुईबाईच्या. तिने वह्याच्या वह्या भरल्या. घाबरलेल्या मेंढीच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलं की बीजांड सोडायला लावणारं संप्रेरक दबून बसतं, हे तिने आकड्यांनिशी दाखवलं. साहेब म्हणजे आयत्या बिळातले नागोबा. त्यावरचा शोधनिबंध त्यांनी स्वतःच्या नावावर छापला, सत्कार घेतला, आणि आभाराच्या यादीतसुद्धा तिला जागा दिली नाही. ती जाब विचारायला गेली, तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुम्ही रक्त काढा. डोकं चालवायला मी आहे."

लोक हसले. ती घरी जाऊन मोठ्या बहिणीपुढे ओक्साबोक्शी रडली. "रडून काय होणार?" ताई म्हणाली. "वेळ येऊ दे त्याची."

वेळ आली. साहेबांचा नवा प्रयोग पाहायला बाहेरून समिती येणार होती आणि त्यांचं संचालकपद समितीच्या अहवालावर टांगलेलं होतं. मेंढ्यांचे दोन कळप केले होते. एकावर कुत्रा भुंकवायचा, दुसरा निवांत ठेवायचा. निवांत कळपात साहेबांनी हाताशी होत्या त्या जुन्याच मेंढ्या घातल्या. चार वर्षांपूर्वी याच मेंढ्यांसमोर ते स्वतः कुत्र्याची साखळी धरून उभे राहत. मेंढी तोंड विसरत नाही, हे सुईबाईने कळप निवडतानाच सांगून पाहिलं होतं. "मेंढ्यांना कसली आलीये अक्कल!" म्हणून साहेब हसले होते. जन्मभर उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला मेंढी काय कळणार!

रक्त काढायच्या दिवशी शेडमध्ये दुसऱ्या कोणी पाऊल टाकायचं नाही, हा सुईबाईचा नियम. दारावर तशी पाटीच असे. समिती निवांत कळपाच्या शेडच्या काचेपलीकडे बसली आणि साहेब पांढरा कोट घालून पाटीसमोर थबकले.

"आत आलो तर चालेल ना?"

सुईबाईने पाटी काढून भिंतीला टेकवली. "या की साहेब. प्रयोग तुमचाच आहे. फक्त या नोंदवहीत वेळ घालून सही करा."

तिची सगळ्यात लाडकी मेंढी म्हणजे कानतुटी. तिने साहेबांना पाहिलं आणि ती मागच्या गजांना जाऊन चिकटली. तिच्यामागोमाग सगळा कळप. साहेब समितीकडे बघत मेंढ्यांच्या पाठी थोपटत राहिले. दिवसभरात ते चारदा आले. सुईबाई दर पंधरा मिनिटांनी रक्त काढत राहिली. तिला आनंद होत होता, आणि त्या आनंदाची तिला जराही लाज वाटत नव्हती.

आठवड्याने समितीपुढे आकडे आले. निवांत कळप कुत्र्याच्या कळपाहून जास्त भेदरलेला निघाला, आणि त्यातल्या मेंढ्यांचं बीजांड सुटणंही तितकंच रखडलेलं.

"बाईंनी नमुने बदलले!" साहेब कडाडले. चोराच्या उलट्या बोंबा.

सुईबाईने दारावरची नोंदवही आणि आपल्या जुन्या वह्या टेबलावर ठेवल्या. कॉर्टिसॉल चार वेळा उसळलं होतं आणि चारही वेळा साहेबांच्या सहीनंतर. समितीच्या प्रमुख बाईंनी जुन्या वह्यांतल्या तारखा पाहिल्या. साहेबांच्या निबंधाच्या त्या दोन वर्षं आधीच्या होत्या.

"हे मूळ काम कोणाचं?"

"माझं."

साहेबांचा चेहरा पडला. "त्या दिवशी मला दारात अडवलं का नाहीत?"

"मी फक्त रक्त काढते, साहेब. डोकं चालवायला तुम्ही होतात."

या वेळी कोणी हसलं नाही.

संध्याकाळी ती चारा घेऊन शेडमध्ये गेली. रोज तिच्या तळहातात तोंड खुपसणारी कानतुटी तिला पाहून मागे सरली. साहेबांना दार कोणी उघडलं ते कानतुटीनेही पाहिलं होतं. सुईबाईने चारा खाली ठेवला. ती तिथेच गवतावर बसली.

"रुस बाई, रुस," ती म्हणाली. "तुझी माफी रोज मागेन. त्या साहेबाची मागणार नाही."