कमरेत दीड इंच

शिंपीणबाईंनी पँट उलटी केली, मागची शिवण चिमटीत धरून पाहिली आणि होती तशी घडी घालून मास्तरांपुढे सरकवली.

“नाही घेणार.”

“नाही म्हणजे? कमरेत दीडच इंच आत घ्यायचीय.”

“वर्षात तिसऱ्यांदा! आणखी घेतली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांच्या गळ्यात पडतील. कापडाचं काही चुकलेलं नाही, मास्तर. जेवता काय तुम्ही?”

मास्तर चष्मा पुसत बसले. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाला प्रश्न विचारायची सवय होती, उत्तरं द्यायची नव्हती. बायको गेल्यापासून सकाळी चहा-बिस्किटं, रात्री चहा-टोस्ट.

“या वयात लागतं किती? आणि एकट्यासाठी कुठे गॅस पेटवायचा?”

दुकानाची एवढीशी पायरी चढताना त्यांनी चौकट घट्ट धरली होती, ते बाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं. नवऱ्यामागे वीस वर्षं त्या लोकांची मापं घेत आल्या होत्या.

“भूक कमी होते, अंगाची गरज नाही होत. उद्यापासून एक वाजता इथे जेवायचं. डबा तुमचा तुम्ही आणायचा. अंडं, डाळ, दही, काहीही. बिस्किट मात्र दिसता कामा नये.”

“गावात शिंपी काय एकच आहे?” मास्तर फणकाऱ्याने निघून गेले.

चौथ्या दिवशी एकच्या ठोक्याला ते हजर. डब्यात एकुलतं एक उकडलेलं अंडं. सोलताना निम्मं टरफलाबरोबर गेलेलं.

“याच्यावर चंद्राहून जास्त खड्डे आहेत,” मास्तर खाली मान घालून म्हणाले.

बाईंनी हसू दाबलं आणि आपली अर्धी डाळ त्यांच्या झाकणात वाढली.

मग ते रोजचंच झालं. मास्तर सावकाश चावत, बोलत. बाई एका हाताने घास घेत आणि दुसऱ्या हाताने काज-बटणं करायचे शर्ट निवडत. दोनेक महिन्यांत मास्तर पायरी मोकळ्या हातांनी चढू लागले. 

एका मंगळवारी एक वाजला, दीड वाजला, दोन वाजले. बाईंनी डबा उघडलाच नाही. सव्वादोनला त्यांनी शटर ओढलं आणि धापा टाकत मास्तरांचे दोन जिने चढल्या.

दार उघडलं तर मास्तर हातात पळी घेऊन उभे. कपाळावर घाम.

“बाई, सूप करून तुम्हाला आणणार होतो. पण राजम्याचे दाणे शिजता शिजेनात! आधी रात्रभर भिजवायचे असतात, हे आज कळलं.”

बाईंचा जीव भांड्यात पडला होता आणि रागही आला होता.

“आल्याच आहात तर बसा. गरम आहे.”

मास्तरांनी वाटी भरून समोर ठेवली. बाईंनी सवयीने एक हात कामासाठी मोकळा ठेवला होता. मग तोही त्यांनी वाटीभोवती धरला. दाणे अर्धेकच्चे होते, मीठ जरा पुढेच.

“कसं झालंय?”

बाईंनी रिकामी वाटी पुढे केली.

“अजून थोडं वाढा.”