पगुमेची चौकट

"हे तेवढं पुसा, एतीये. पुसा आणि कागद माझ्याकडे द्या. मी पास लिहून टाकतो."

संगणक शिकवायला आलेल्या नाओडने खोडरबर यशीसमोर सरकवलं. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो तिला एतीये म्हणायचा. पण आज त्या शब्दात विनवणी होती आणि घाईही होती. दुपारच्या घंटेला परीक्षेचा निकाल केंद्रप्रमुखांच्या टेबलावर ठेवायचा होता.

यशीने खोडरबराला हात लावला नाही. कागदावर रोग्याची पुढची तारीख काढायची आकृती होती, तिची सहा आठवड्यांची विद्या. गोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट, सरळ चौकट म्हणजे काम, तिरपी चौकट म्हणजे प्रश्न. प्रश्नाला दोनच वाटा, हो आणि नाही. मधोमध एका तिरप्या चौकटीत तिने लिहिलं होतं, 'नेहासे संपला का?' हो असेल तर बाण बाराव्या महिन्यानंतरच्या पाच दिवसांकडे, पगुमेकडे जात होता. सगळं भांडण या बाणावरून होतं.

देस्सेच्या त्या आरोग्य केंद्रात क्षयाच्या खिडकीवर ती एकोणीस वर्षं बसत होती. शिक्षण आठवी. रोगी यायचा, ती कार्ड काढायची, तीस दिवसांच्या गोळ्या मोजून द्यायची आणि पुढची तारीख लिहायची. आता कार्डांच्या जागी संगणक येणार होता. खुर्ची एक, बायका दोन. पास होईल तिने खिडकीवर बसायचं, उरेल तिने मागच्या धुलाईत चादरी बडवायच्या. दुसरी होती झिनाश. पंचविशीची, कॉलेजात जाऊन आलेली. तिचा कागद केव्हाच देऊन झाला होता आणि ती दाराशी उभी राहून नखं खात होती.

पहिल्या दिवशी नाओडने दोघींना सांगितलं होतं, कॉफी कशी करायची ते लिहा. यशीने एका ओळीत लिहिलं, 'कॉफी कर, पाहुण्यांना दे.' नाओडने झिनाशला यंत्र व्हायला लावलं. झिनाश हात मांडीवर ठेवून ढिम्म बसून राहिली.

"अगं, ऊठ की!"

"कशी उठू? ऊठ म्हणून कुठं लिहिलंय? आणि कॉफी म्हणजे काय असतं?"

"भवाने, जन्मभर ढोसतेस आणि मला विचारतेस?"

"यंत्राला जन्मच नसतो, एतीये," नाओड हसत म्हणाला. "ते मठ्ठ असतं. सांगाल तेवढंच करतं आणि चुकीचं सांगितलंत तर चुकीचंसुद्धा तितक्याच इमानाने करतं."

ते यशीच्या डोक्यात पक्कं बसलं. दुसऱ्या दिवशी तिने तीन पानं लिहून आणली. बिया धुण्यापासून मातीच्या किटलीच्या तोंडाला बूच लावण्यापर्यंत. कॉफीच्या फेऱ्या तीन, तिसरा पेला घेतल्याशिवाय पाहुणा उठत नाही. म्हणून खाली तिरपी चौकट, 'तीन फेऱ्या झाल्या का?' नाही तर पाणी घालून पुन्हा उकळ. हो तर थांब.

नाओडने त्या तिरप्या चौकटीवर बोट ठेवलं. "कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

"कोण शिकवणार? रोज करते."

"यालाच फेरा म्हणतात. मला कॉलेजात तीन महिने लागले होते."

तेव्हापासून तिला वाटू लागलं होतं, जमेल. अन् आज जमलं होतं, तर म्हणे पुसा.

"का पुसू?" यशी म्हणाली. "चुकलंय कुठं ते दाखव."

"चुकलं नाहीये हो. पण वरून आलेल्या यादीत बारा महिने आहेत. नेहासे बारावा, त्याच्यापुढे थेट नव्या वर्षाचा मेस्केरेम. उत्तरपत्रिकेत तसंच आहे."

"आणि पगुमे? आकाशात गेला?"

नाओडने कपाळ चोळलं. "पाच दिवसांचा तर आहे. त्याला कोण महिना धरतं?"

"वरच्यांना पगुमे ठाऊक नाही? तेही इथलेच ना?"

"ठाऊक आहे. पण ही यादी पगाराच्या तक्त्यावरून उचललीय. पगुमेचा पगार नसतो. म्हणून त्यात पगुमे नाही."

एकोणीस पगुमे यशी त्या खिडकीवर फुकट बसली होती. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेपटाला हे पाच बिनपगारी दिवस. तिने त्याबद्दल कधी तोंड उघडलं नव्हतं. पण फुकट राबलेले दिवस कारकुनांनी कॅलेंडरातूनही गिळावेत?

तिने खिशातून भाजलेल्या जवाची पुडी काढली. टेबलावर तीस दाणे मोजून मांडले.

"परीक्षेत खायला बसलात काय?" दारातून झिनाश म्हणाली.

"तू गप. आज नेहासे तीन. माणूस आला, तीस दिवसांच्या गोळ्या घेऊन गेला. रोजचा एक दाणा." ती दाणे एकेक करून बाजूला सारू लागली, महिन्याच्या अखेरीपर्यंत मोठ्याने मोजत. "नेहासे संपला. उरले दोन. पगुमे एक, पगुमे दोन. संपले. तिसऱ्याला त्याने इथं यायला हवं. तुझं यंत्र त्याला काय तारीख देणार?"

नाओड हळूच म्हणाला, "मेस्केरेम तीन."

"म्हणजे पाच दिवस तो काय गिळणार? हे टेबल?"

क्षयाला पाच दिवस मोकळे सोडले की तो शहाणा होतो, मग नेहमीच्या गोळ्यांना जुमानत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"एतीये, मी वर लिहीन," नाओड म्हणाला. "शप्पथ लिहीन. पण आज उत्तर जुळलं नाही तर मला तुम्हाला नापास करावं लागेल. खुर्ची जाईल. आत्ता पुसा, नंतर बघू."

"यंत्राला नंतर कळतं का रे? तूच म्हणालास, लिहाल तेवढंच."

घंटा झाली. यशीने खोडरबर उचललं, त्याच्या टेबलावर ठेवलं आणि कागद तसाच पुढे केला. मग दाणे गोळा करून तोंडात टाकले.

त्या दुपारी ती खिडकीवर शेवटची बसली. गाशे सईद, म्हणजे सईदकाका, आला, जुना शिंपी, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. इलाजाचा चौथा महिना होता.

"काय गं पोरी, तोंड का असं? ती पेटी आली म्हणे तुमच्याकडे. तिला खोकला होतो का?"

"अजून नाही, गाशे. पण होईल." तिने कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं, पगुमे ३. "या तारखेला यायचं. कुणी काही सांगो, पेटी काही सांगो. याच तारखेला."

"तू नसशील काय?"

"मी मागं असेन."

पगुमेच्या तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. रुफाएल या देवदूताच्या सणाचा दिवस. पाऊस पवित्र, म्हणून गल्लीतली पोरं उघडी होऊन नाचत होती आणि म्हाताऱ्या तांब्यांत पागोळ्या धरत होत्या. धुलाईच्या पत्र्याखाली यशी गुडघाभर चादरींत उभी होती. झिनाश धावत आली, भिजलेली, हातात कार्ड.

"एतीये, गाशे सईद आलाय. खिडकीशी बसकण मारलीय. म्हणतो, गोळ्या घेतल्याशिवाय हलणार नाही."

"मग दे की."

"कशा देऊ? पेटीत आजची तारीखच नाही! नेहासे तीसनंतर यादीत थेट मेस्केरेम आहे. मेस्केरेम एक टाकला तर म्हणते, रोग्याची वेळ झाली नाही. प्रमुख म्हणतात, पेटी सोडत नाही तोवर कपाट उघडायचं नाही. परवापासून सात माणसं परत पाठवली मी. सात!" तिचा आवाज फाटला. "मी तेव्हा बारा लिहिले. मला पगुमे ठाऊक नव्हता का गं? मलाही खुर्ची हवी होती."

यशीच्या ओठांवर शिवी आली होती. ती गिळून तिने हात पुसले.

"नाओड?"

"फोनवर आहे. म्हणतो, वरून पत्राला उत्तरच आलं नाही. पण तुम्ही तुमची आकृती सांगितलीत तर तो आत्ता, स्वतःच्या जबाबदारीवर, बदलून देतो. तुमचा कागद त्याने वर पाठवला होता, तो हरवला."

"हरवला!" यशी हसली, फार वाईट हसली.

मग तिने साबणाची वडी उचलली. चादरी बडवायचा काळा दगड ओला होता. त्यावर तिने गोल काढला. सरळ चौकट. तिरपी चौकट. नेहासे संपला का? हो. पगुमेचे पाच संपले का? तिथे ती थांबली आणि आणखी एक तिरपी चौकट काढली, जी तिच्या कागदावर नव्हती.

"ही कसली?"

"दर चौथ्या वर्षी पगुमे सहाचा असतो. हे मला नंतर सुचलं. इथं कपडे बडवताना."

झिनाश कार्डाच्या पाठीवर भराभर उतरवून घेत होती. पाऊस पत्र्यावर आदळत होता. तिला यशीचा शब्द नीट ऐकू यावा म्हणून ती अगदी जवळ वाकली होती.

"खाली तुमचं नाव घालू, एतीये?"

"पगुमेत कोण कामावर असतं गं?" यशी म्हणाली. "जा. आणि कपाटाची किल्ली प्रमुखांच्या हातून ओढून घे. चौकट नंतर, आधी म्हाताऱ्याच्या गोळ्या. मग ते सात. घरी जाऊन शोध त्यांना. कार्डांवर पत्ते आहेत, माझ्या अक्षरात."

झिनाश पावसात पळाली.

यशीने थोडा वेळ दगडाकडे पाहिलं. तीन तिरप्या चौकटी, पांढऱ्या, सरळ, कुठेही थरथर नसलेल्या. मग तिने पुढची चादर त्यांच्यावर पसरली, पाणी ओतलं, आणि तोच साबण घेऊन घासायला लागली.