खोडलेला समास

मी वाचनालयातली एक कादंबरी बोलतेय. भुताची आहे, पण भिऊ नका.

माझ्या लेखिकेने आयुष्यभर ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. त्या माझ्या चार थोरल्या बहिणी. त्यांच्यात लढाया, वंशावळी आणि शेवटी खुलाशाच्या टिपा. माझ्यात फक्त एक घर आणि वरच्या रिकाम्या खोलीतली पावलं. ती कुणाची, हे लेखिकेने शेवटपर्यंत सांगितलं नाही. वाचक चिडले. थोरल्यांची सर हिला नाही, असं ठरवून त्यांनी मला फळीवर टाकलं.

मन लावून वाचलं ते वाचनालयाशेजारच्या शिंपीकाकांच्या बायकोने. एका हातात थोरली, मांडीवर मी, आणि माझ्या समासात तिची पेन्सिल. 'थोरलीत प्रत्येक प्रकरणाला तारीख. इथे एकही नाही.' पुढे, 'तिथेही सगळे मेलेलेच होते की. तेव्हा कुणी घाबरलं नाही.' काका मशीनवरून चिडवायचे, की पुस्तक उत्तर देतं का गं?

एकशे बाराव्या पानावर ती थांबली. ती गेल्यावर काकांनी मला न उघडताच परत केलं. ग्रंथपालबाईंनी नियमाप्रमाणे समास खोडून काढले. पण दाबून लिहिलेल्याचे वळ राहिले. खिडकीतून ऊन तिरपं आलं की ती अक्षरं उठायची आणि मी एकटी नसायचे.

वर्षाने काका मला शोधत आले. जन्मात कादंबरी न वाचलेला माणूस. मी तेव्हा रद्दीच्या गठ्ठ्यात होते; बाईंनी मला त्यातून काढून दिलं.

"काका, मी सगळं खोडलं हो," बाई ओशाळल्या.

काकांनी समासावरून बोट फिरवलं. "उसवली म्हणून शिवण जाते का? टाक्यांची भोकं राहतातच."

ते खिडकीपाशी बसले. एकशे बाराव्या पानावर बोट थांबलं. 'वर कोण चालतं ते मला कळलं. ह्यांना सांगेन.'

त्यांनी मला घरी नेलं. दर पंधरवड्याला पुन्हा आपल्या नावावर लिहून घेत राहिले, म्हणून मी रद्दीतून वाचले. अक्षर लावत लावत त्यांनी मला संपवलं आणि शेवटच्या पानावर जोर देऊन लिहिलं, 'मलाही कळलं. आपल्याकडेही पावलं ऐकू येतात. ओळखीची आहेत.'

परवा बाईंनी मला तपासायला उघडलं. खोडरबर हातात होतं. त्यांनी ती ओळ वाचली आणि खोडरबर खणात टाकलं.

मी परत फळीवर आहे, थोरल्यांच्या शेजारी. मला न्याल तेव्हा एवढंच करा. खिडकीपाशी बसा आणि पान जरा तिरपं धरा. समासात दोघं बसली आहेत.