मागणीच्या नियमाचा तिसरा अपवाद

विद्यार्थी बाईंना घार म्हणत, आणि हे बाईंना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, मनातून आवडतही होतं. एकतीस वर्षं त्या परीक्षेच्या हॉलमध्ये चपलांचा आवाज न करता फिरल्या होत्या. बाहीतली चिठ्ठी, पट्टीच्या मागे कोरलेली सूत्रं, पाण्याच्या बाटलीच्या लेबलाआड लिहिलेला अख्खा इतिहास, सगळं त्यांनी चार बाकांच्या अंतरावरून हेरलं होतं. निवृत्त होऊन दोन महिने झाले नाहीत तोच विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागाचा फोन आला. आता परीक्षा ऑनलाइन असतात, पर्यवेक्षक हवेत, येता का? पलीकडच्याचं वाक्य संपेपर्यंत बाईंनी पर्स उचलली होती.

पण पहिल्याच दिवशी त्यांचा जीव कासावीस झाला. परीक्षा विभागाच्या मागच्या खोलीत टेबलावर एक पडदा, कानाला हेडफोन, आणि पडद्यावर बारा चौकटी. प्रत्येक चौकटीत एक माणूस, तोही छातीपर्यंतच.

“हात कुठे आहेत यांचे?” बाईंनी विचारलं.

“हात दिसत नाहीत, मॅडम,” केबल म्हणाला. केबल म्हणजे संगणक विभागातला पन्नाशीचा गृहस्थ. गळ्यात कायम एखादी वायर असायची, म्हणून त्याचं खरं नाव सगळेच विसरले होते. “कुणी इकडेतिकडे बघितलं, कुणी बोललं, की चौकट लाल होते. तुम्ही फक्त लाल चौकटीकडे बघायचं.”

“म्हणजे पकडायचं मशीनने आणि मी नुसती मान डोलवायची?”

केबलने उत्तरादाखल वायर गळ्यात नीट गुंडाळून घेतली.

अर्थशास्त्राच्या पेपरला बाईंनी मशीनकडे साफ दुर्लक्ष केलं आणि आपल्या डोळ्यांनी बघायला सुरुवात केली. अर्ध्या तासात त्यांना पाच आणि सहा नंबरच्या चौकटींनी खिळवून ठेवलं. पाचमध्ये चाळिशीची एक बाई होती, मागे निळ्या कपाटाची डावी बाजू. सहामध्ये तिशीची एक बाई होती, मागे निळ्याच कपाटाची उजवी बाजू. बाईंनी मनातल्या मनात दोन्ही चौकटी जोडल्या आणि कपाट पूर्ण झालं.

एक खोली, दोन परीक्षार्थी! बाईंच्या अंगात जुनं बळ संचारलं. तेवढ्यात कुणीतरी खोकलं आणि दोन्ही चौकटी एकदमच लाल झाल्या. खोकणारं तोंड मात्र दोघींचंही नव्हतं.

“नंबर पाच, कॅमेरा फिरवा,” बाईंनी माइकमध्ये सांगितलं.

“आत्ता? वाक्य अर्धं राहिलंय हो,” पाच नंबर म्हणाली.

“आत्ताच.”

लॅपटॉप फिरला. दोन टेबलं शेजारी शेजारी होती आणि त्यांच्या मधोमध दोरीवर चादर टांगली होती. चादरीच्या टोकाशी एका स्टुलावर एक म्हाताऱ्या बाई ताठ बसल्या होत्या. हात मांडीवर, नजर समोर, जणू दोन देशांच्या सीमेवर त्यांची नेमणूक झाली होती.

“आपण कोण?”

“मी यांची सासू. ही थोरली, ती धाकटी.”

“परीक्षेच्या खोलीत तिसरं माणूस चालत नाही.”

“मग तुम्ही येऊन बसा इथे. मी उठले तर या दोघी भांडतील, आणि तुमची परीक्षा राहील बाजूला.”

“आम्ही नाही भांडत,” चादरीच्या दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला, आणि आपण एकसुरात बोललो हे लक्षात येताच दोघींनी तोंडं फिरवली.

“आठ महिने झाले, बोलत नाहीत,” सासूबाई बाईंना घरच्यासारखं सांगू लागल्या. “कुकरच्या शिट्टीवरून सुरू झालं. तीन झाल्या की चार, एवढाच प्रश्न होता. भात खाऊन झाला, कुकर घासून झाला, पण प्रश्न काही सुटला नाही.”

बाईंनी सासूबाईंना बाहेर घालवलं, चादर आहे तशी राहू दिली, आणि उरलेला दीड तास पापणी न हलवता बघत राहिल्या. दोघींनी एकमेकींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाईंचा संशय त्यामुळे जास्तच पक्का झाला. इतकं न बघणं बाईंना नैसर्गिक वाटेना.

पेपर संपल्यावर त्यांनी दोघींच्या उत्तरपत्रिका मागवल्या आणि घरी नेऊन बारकाईने वाचल्या. भाषा वेगळी, क्रम वेगळा, चुकासुद्धा वेगळ्या. बाई जवळजवळ हिरमुसल्या होत्या, तेवढ्यात चौथा प्रश्न आला. ‘वस्तू महागली की तिची मागणी घटते. या नियमाचे तीन अपवाद लिहा.’ थोरलीने पहिला लिहिला होता, मिरवायच्या महागड्या वस्तू. दुसरा, अगदी गरिबाचं हलकं धान्य. आणि तिसरा, ‘घरी पाहुणे आले असता.’

धाकटीचा तिसरा अपवाद होता, ‘पाहुणे घरी आल्यास.’

“सापडल्या!” बाई स्वयंपाकघरात एकट्याच ओरडल्या.

चार दिवसांनी चौकशीची बैठक भरली, तीही ऑनलाइनच. परीक्षा विभागाचे प्रमुख एका चौकटीत, अर्थशास्त्राचे सर दुसऱ्या, बाई तिसऱ्या, केबल चौथ्या. पाचव्या चौकटीत दोन्ही जावा बसल्या होत्या. एकच लॅपटॉप असल्याने त्यांना खांद्याला खांदा लावावा लागला होता आणि ते त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. परीक्षेच्या दिवशीचा दुसरा लॅपटॉप शेजाऱ्यांचा होता, तो परत गेला होता.

बाईंनी प्रकरण मुद्देसूद मांडलं. कपाट, चादर, खोकला, पाहुणे. प्रमुखांनी चष्मा पुसला.

“पाहुण्यांचं तुम्ही कुठून लिहिलंत?” त्यांनी विचारलं.

“व्याख्यानात होतं,” थोरली म्हणाली.

“सरांनीच सांगितलंय,” धाकटी म्हणाली.

“मी?” सर खुर्चीत उडाले. “मी असलं काही म्हणणार नाही! तिथे भाव तोच असला तरी मागणीची रेषाच सरकते, तो अपवाद नव्हेच! लावा माझं सातवं व्याख्यान.”

केबलने व्याख्यान लावलं. पडद्यावर आठ वर्षांपूर्वीचे सर आले, डोक्यावर तेव्हाचे सगळे केस घेऊन. आत्ताचे सर त्यांच्याकडे थोडे हळवे होऊन बघू लागले. पहिला अपवाद झाला, दुसरा झाला. “आता तिसरा अपवाद, जो सर्वांत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे…” केसवाले सर म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून तिथेच थांबले. वर एक गोल फिरू लागला.

“तुमचं नेट गेलं वाटतं,” प्रमुख म्हणाले.

“नेट ठीक आहे.” केबलने दोनतीन बटणं दाबून पाहिली. “फाइलच तुटकी आहे. तेविसाव्या मिनिटाला संपते.”

“आठ वर्षं तुटकी आहे? आणि एकाही विद्यार्थ्याने तक्रार केली नाही?”

केबलने दुसरी एक खिडकी उघडली आणि बराच वेळ वाचत राहिला. बोलावं की नाही, असं त्याला झालं असावं. शेवटी त्याने गळ्यातली वायर काढून टेबलावर ठेवली.

“कुणी किती मिनिटं बघितलं याची नोंद असते, सर. हे व्याख्यान उघडणारे सोळाशे आहेत. त्यातले बरेचसे चौथ्या मिनिटाला जातात. तेविसाव्या मिनिटापर्यंत आजवर दोनच जणी पोचल्यात. दोन्ही एकाच घरातून.”

अर्थशास्त्राच्या सरांचा चेहरा पाहवत नव्हता. आठ वर्षं आपण सोळाशे जणांना शिकवतोय, या समाधानावर ते जगत होते.

“मग बाकीच्यांनी तिसरा अपवाद बरोबर लिहिला, तो कुठून?” त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

“गाइडमधून,” थोरली म्हणाली. “दुकानात मिळतं. आम्ही घेतलं नाही. म्हटलं, सर एवढं सांगतायत तर ऐकू या.”

आता बाईंनाही पेच पडला. व्याख्यान तुटलं होतं हे कबूल, पण तुटल्यावर दोघींच्या डोक्यात एकच पाहुणे कसे शिरले? त्यांनी तोच प्रश्न सरळ विचारला.

“मला आईंनी सांगितलं,” थोरली म्हणाली. “माझी सकाळची पाळी असते, कपड्यांच्या कारखान्यात. मी संध्याकाळी बघते, ही दुपारी बघते. माझं अडकलं तेव्हा मी आईंना विचारलं, दुपारी पुढे काय म्हणाले सर?”

धाकटीने मान वळवून पहिल्यांदा जावेकडे बघितलं. “मीपण आईंनाच विचारलं. म्हटलं, काल संध्याकाळी तुमचं पूर्ण झालं असेल.”

“माझं कुठलं पूर्ण? तिथेच अडकलं होतं!”

“मग मला सांगायचं ना!”

“कशी सांगणार? तू बोलत होतीस का माझ्याशी?”

“तुम्ही बोलत होतात का?”

आठ महिन्यांचं साठलेलं सगळं चौकशी समितीसमोर बाहेर पडलं. कुकर आला, शिट्ट्या आल्या, कुणाचा तरी न दिलेला टॉवेल आला. प्रमुख “शांत व्हा, शांत व्हा” म्हणत होते, पण त्यांचा माइक बंद होता. बाई मात्र डोळे बारीक करून बघत होत्या. भांडता भांडता दोघी एकमेकींकडे पूर्ण वळून बसल्या होत्या, आणि धाकटीच्या तोंडावर आलेली बट थोरलीने बोलता बोलताच मागे सारली होती.

“आईंना बोलवा,” बाई म्हणाल्या.

सासूबाई हात पुसत आल्या आणि दोघींच्या मध्ये बसल्या. लगेच शांतता झाली.

“तुम्ही यांना पाहुण्यांचं सांगितलंत?” प्रमुखांनी माइक सुरू करून विचारलं.

“सांगितलं. काय करणार? मी भाजी निवडत दोन्ही वेळा ऐकते, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी. ते गृहस्थ दोन्ही वेळा तिथेच तोंड उघडून बसले. ही विचारते पुढे काय, ती विचारते पुढे काय. सांगितलं असतं अडकलंय, तर एकीला वाटलं असतं दुसरीने बिघडवलं. मग मी विचार केला, महाग झालं तरी माणूस कधी घेतं? पाहुणे आले की घेतं. साखर कितीही महाग होवो. सांगून टाकलं.”

“पण ते चूक आहे, आजी,” सर न राहवून म्हणाले. “खरा तिसरा अपवाद म्हणजे भाव अजून वाढेल ही भीती. त्या भीतीने लोक महाग असतानाच जास्त घेतात.”

सासूबाईंनी थोडा विचार केला. “म्हणजे भीतीने घेतलं तर अपवाद, आणि लाजेने घेतलं तर नाही?”

सरांनी तोंड उघडलं आणि अगदी व्याख्यानातल्यासारखे थांबले. केबलने सवयीने नेट तपासलं.

“हे… हे बघावं लागेल,” सर शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजात अचानक जीव आला होता. “प्रश्न चांगला आहे. आठ वर्षांत मला कुणी प्रश्नच विचारला नव्हता.”

“तरीपण बाहेरची मदत झालीच की,” बाईंनी शेवटचा प्रयत्न केला. आवाज त्यांचा त्यांनाच कमी वाटला.

“घारबाई,” प्रमुख म्हणाले आणि जीभ चावली, “म्हणजे मॅडम, परीक्षेच्या आधी घरात कुणी समजावून सांगितलं तर त्याला आपण शिकणं म्हणतो.”

प्रकरण तिथेच मिटलं. दोघींना चौथ्या प्रश्नात दोन दोन गुण कमी पडले आणि तरी दोघी पास झाल्या. धाकटीला थोरलीपेक्षा तीन गुण जास्त मिळाले, त्यावरून घरात पुन्हा वाजलं, पण या वेळी तोंडाने. सरांनी सातवं व्याख्यान नव्याने रेकॉर्ड करायला घेतलं. केस नव्हते तेवढे, पण विद्यार्थी आठव्या मिनिटापर्यंत टिकू लागले, आणि सर ती नोंद केबलकडून रोज मागवून घेत.

बाईंना मात्र आठवडाभर चैन पडेना. चुकीचं माणूस पकडल्याचं दुःख तर होतंच. पण एकतीस वर्षांत आपण कोण काय लपवतं एवढंच पाहिलं, कोण काय ऐकतं ते कधी बघितलंच नाही, हे त्यांना जास्त टोचत होतं. शेवटी त्यांनी कार्यालयातून नंबर घेतला आणि सासूबाईंना फोन लावला.

“मी परीक्षेची बाई बोलतेय.”

“आता कोण खोकलं?” पलीकडून आवाज आला.

“कुणी नाही. तुमचा प्रवेशाचा फॉर्म भरावा म्हणते. शाळा कमी झाली असली तरी आधी एक तयारीचा वर्ग असतो, तो केला की पदवीला बसता येतं. शिक्षण किती झालंय?”

“सातवी. आठवीत चार दिवस गेले होते.”

“चालेल. जन्मतारीख?”

“ती कुणाला ठाऊक? उन्हाळा होता म्हणतात.”

बाईंनी लिहिलं, ‘उन्हाळा’, आणि खोडलं. “ती काढू कुठून तरी. मग भरायचा ना?”

पलीकडे बराच वेळ भांडी वाजत राहिली. “ऐकायला मला आवडतं हो. पण परीक्षा म्हणजे तुम्ही त्या कॅमेऱ्यातून बघत बसणार. तुम्ही नुसतं बघितलंत तरी मला माझं नाव आठवायचं नाही.”

“तुमच्या पेपरला मी नसेन. लिहून देते.”

“मग भरा,” सासूबाई म्हणाल्या. “अपवादांचं मला त्या सरांकडून पुरतं समजून घ्यायचंय.”

“उद्या दुपारी दोनला पुन्हा फोन करते, बाकीची माहिती घ्यायला.”

“दोनला नको,” सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. “दोनला माझा तास असतो.”