यंत्रातून न काढलेल्या गोळ्या

रॉयसने आधी बॉयसी शहरातल्या गिऱ्हाइकाला शब्द देऊन टाकला आणि मग तो बहिणीला, व्हर्लाला, सांगायला आला. ही त्याची जुनी खोड. आधी करून मोकळं व्हायचं, मग विचारायचं, आणि विचारायचं तेही असं की समोरच्याला मान डोलावण्यापलीकडे काही उरू नये.

विषय डॅडच्या रिव्हॉल्वरचा होता. डॅड, म्हणजे एमेट हॅस्केल, वसंतात गेला आणि त्याचं पंचेचाळीस कॅलिबरचं जुनं रिव्हॉल्वर व्हर्लाच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये येऊन पडलं. रॉयसचं म्हणणं, त्याची नळी कामातून गेली आहे. चार बार काढले की आत शिशाचा थर बसतो आणि गोळ्या वाटेल तिकडे जातात. कोणी हौशी माणूस भिंतीवर टांगायला नेतोय तर नेऊ द्यावं. आणि नेमबाजी क्लबात सगळ्यांना सांगत फिरायचा तेच जाता जाता म्हणाला, "तसाही डॅडचा हात शेवटी गेलाच होता. त्याने स्वतःच ठेवून दिलं ना ते."

व्हर्ला हकलबेरीची रानफळं भरून भाजायच्या गोड पायसाठी पीठ लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

सॅमन नदीच्या त्या अख्ख्या खोऱ्यात एमेटच्या नेमाला तोड नव्हती. शेवटच्या एक-दोन वर्षांत मात्र त्याच्या गोळ्या फाकायला लागल्या, आणि नेमबाजीच्या रेंजवरची माणसं त्याच्या निशाणपाटीकडे न बघितल्यासारखं करू लागली. एक दिवस त्याने रिव्हॉल्वर फडक्यात गुंडाळलं ते गुंडाळलंच. मग ओसरीवरच्या खुर्चीत बसून तो स्वतःच्या पंजांकडे बघत राहायचा. त्याचं ते बघणं व्हर्लाला अजून सहन होत नव्हतं.

"लेबर डेच्या नेमबाजीच्या मॅचला मी उतरते," ती म्हणाली. "ह्याच रिव्हॉल्वरने, घरी ओतलेल्या गोळ्यांनी. निशाणाचे पाची पत्रे पाडले तर तुझ्या गिऱ्हाइकाला मी स्वतः वाटेला लावीन."

"आणि नाही पडले तर?"

"तर घेऊन जा. पण तोवर त्याच्याबद्दल तोंड उघडायचं नाही."

रॉयस हसला. तो क्लबचा अध्यक्ष, त्यामुळे हसता हसता सल्लाही देऊन गेला. नळीत शिसं बसतंय म्हणजे गोळी मऊ पडतेय, मिश्रण कडक कर. घरी गोळ्या ओतणाऱ्यांचं हे ठरलेलं औषध. कोणालाही विचारा, हेच सांगतील.

व्हर्लाने तेही करून पाहिलं. डॅडच्या शेडमध्ये टायरवाल्याकडचं शिसं वितळवलं, त्यात कडकपणासाठी छापखान्याचे जुने खिळे घातले, गोळ्या ओतल्या आणि डॅड करायचा तशाच बाकावरच्या यंत्रातून दाबून मापात काढल्या. झाडून बघितल्या, तर नळी शिशाने आणखीच भरली. पितळी ब्रशने शिशाचे पापुद्रे खरवडताना तिने रिव्हॉल्वरला, शिशाला आणि रॉयसला सारख्याच मोकळेपणाने शिव्या दिल्या.

साफ करायला तिने काडतुसं बसतात ती चक्री काढून बाकावर ठेवली होती. तिच्या एका भोकाच्या पुढच्या तोंडात एक गोळी सहज सोडली, तर ती कुठेही न अडता सरळ आरपार निघून बाकावर पडली. दुसरी तशीच, तिसरीही. व्हर्ला चमकली. गोळीने ते तोंड भरून निघायला हवं. सैल राहिली की तापलेला वायू कडेने निसटतो, शिसं वितळवतो आणि तेच शिसं नळीला फासत जातो. यात मऊ-कडकचा संबंधच नव्हता. गोळ्या बारीक होत्या.

मग तिने साच्यातून निघालेली, यंत्रात न घातलेली गोळी घेतली. ती तोंडाशी अडली, अंगठ्याने दाबली तशी अंगाला अंग घासत गेली. मायक्रोमीटरवर ही भरली इंचाचे चारशे छप्पन हजारांश, आणि यंत्रातून काढलेली चारशे बावन्न.

यंत्र रॉयसने दोनेक वर्षांपूर्वीच्या ख्रिसमसला आणलं होतं. आता पुस्तकात हेच माप असतं डॅड, असं म्हणून बाकाला पक्कं बसवूनही दिलं होतं. नव्या रिव्हॉल्वरना ते माप बरोबरच होतं. हे रिव्हॉल्वर रॉयसच्याही आधी जन्मलेलं, त्याच्या चक्रीची तोंडं मोठी. पण पोराने हौसेने आणलंय म्हणून म्हातारा एकूण एक गोळी त्यातून काढायचा. आणि त्याच्या गोळ्या फाकायला लागल्या त्या त्याच हिवाळ्यात.

व्हर्ला उलट्या बादलीवर बसली. तिला रडू आलं नाही. तिला इतका राग आला की तिने पाना घेतला आणि यंत्र बाकावरून उखडून काढलं.

पुढच्या गोळ्यांना तिने मेण आणि चरबी हाताने लावली, बंदुकीची दारू आधी बेताचीच घालून एकेक बार पारखला, आणि नळी बघितली. रॉयसला चकार शब्दाने काही सांगितलं नाही.

मॅचच्या दिवशी तिची काडतुसं बघून त्याने भुवया चढवल्या. यंत्रातून न काढलेल्या गोळ्या अडकतील, लाइनवर तमाशा नको, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाला. व्हर्लाने चक्री फिरवत काडतुसं एकेक करून सोडली. प्रत्येक अंगठ्याच्या हलक्या दाबाने आत जाऊन बसलं.

पहिले तीन पत्रे आडवे झाले. चौथा कड लागून डुलत राहिला, आणि मग तोही कलंडला. पाचव्याला तिने वेळ घेतला. तो पडला तेव्हा मागे कोणीतरी टोपी काढली.

तिने सळईला पांढरी चिंधी लावून नळीतून काढली आणि रॉयसच्या हातात दिली. काजळी होती. शिशाचा एक कणही नव्हता.

"डॅडचा हात गेला नव्हता, रॉयस. तुझ्या यंत्राने गोळ्या बारीक केल्या, आणि म्हाताऱ्याला वाटलं आपणच संपलो."

रॉयसचा चेहरा लाल झाला. "हे घरी सांगायचं होतंस," तो हळू आवाजात म्हणाला.

"चारचौघांत त्याचा हात गेला म्हणत फिरलास ना? मग चारचौघांतच ऐक."

मॅच बघायला आलेला बॉयसीचा माणूस आपल्या गाडीकडे निघाला होता. त्याला वाटेला लावायची गरजही पडली नाही. रॉयस चिंधी उलटसुलट करून बघत राहिला, त्यात काहीतरी सापडेल अशा आशेने.

"त्याला कळलं होतं का गं?" शेवटी त्याने विचारलं. "यंत्राचं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण आज कोणाला सांभाळून घ्यायची व्हर्लाची तयारी नव्हती.

"नाही," ती म्हणाली, आणि पुढच्या फेरीसाठी तिने चक्री उघडली.