रिकामं पाणी

बारा वाजता गाडी येऊन बाबांना घेऊन जाणार होती. कुठे, तर "तिथे", एवढंच दादा म्हणायचा. जागेचं नाव घ्यायला त्याची जीभ रेटत नव्हती, वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही करायला हात मात्र बरोबर चालला.

"त्यांना काही कळत नाही गं," तो म्हणाला. "अर्धांगाचा झटका आल्यापासून तीन आठवडे एकच शब्द. रिकामं, रिकामं. किती पेले भरशील?"

"सगळं कळतं त्यांना. आत्ता खेळात एक जहाज बुडवून दाखवतील. मग गाडी परत पाठवशील?"

दादा हसला, पण हो म्हणाला.

कॉम्प्युटरवरचा हा पाणबुडीचा खेळ बाबा आणि मी सहा वर्षं खेळत होतो. सगळा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर लोखंड कातण्यात गेलेला माणूस, केसाएवढी चूक खपत नसे. नेम त्यांचा, घड्याळ माझं. टॉर्पेडो सुटला की मी सेकंद मोजायचे, बस. आज त्यांचा उजवा हात लुळा, म्हणून माऊस माझ्या हातात आला होता.

पेरिस्कोपमध्ये मालवाहू जहाज उजवीकडे चाललं होतं. टॉर्पेडो एकच उरलेला. मी नेमाची फुली जहाजाच्या बरोबर पोटावर आणली.

"बाबा, सोडू?"

"रिकामं," बाबा म्हणाले. त्यांचा डावा हात उजवीकडे हलला. तिकडे पाण्याचा पेला होता.

"झालं, तहान लागली," म्हणत दादाने पेला त्यांच्या तोंडाला लावला. बाबांनी मान झटकली, पाणी सदऱ्यावर सांडलं.

"रिकामं! रिकामं!"

जहाज हातचं जाईल या भीतीने मी बटण दाबलं.

बेचाळीस सेकंद मोजले. टॉर्पेडो जहाजाच्या मागून निघून गेला. आणि बैल गेल्यावर मला झोपा आठवला. दर वेळी नेम धरताना बाबा पुटपुटायचे, "जहाजावर नाही मारायचं. त्याच्या पुढच्या रिकाम्या पाण्यात मारायचं. जहाज येतंच तिथे."

तीन आठवडे ते मला खेळायला बोलवत होते आणि मी मूर्ख त्यांना पाणी पाजत होते.

"दादा, त्यांनी बरोबर सांगितलं होतं! मी चुकले!"

"जहाज चाललंय ना अजून?" दादा म्हणाला. खाली हॉर्न वाजला.

मी बाबांचे गुडघे घट्ट धरले. "बाबा, एकदा म्हणा ना. दादासमोर म्हणा. रिकामं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने पेला उचलला आणि उरलेलं पाणी मुकाट्याने पिऊन टाकलं.